केशवराव कोरटकर: निजामी राज्यातील एका वकिलाचे सार्वजनिक जीवन

केशवराव कोरटकर यांचा जन्म १८६७ मध्ये वसमत तालुक्यातील पुरजळ या गावी झाला. वसमतला तेव्हाच्या सरकारी कागदांत बसमत म्हणत आणि हा तालुका परभणी जिल्ह्याचा भाग होता. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो त्यात गेला. केशवरावांच्या जन्माच्या दोन वर्षे आधी, १८६५ मध्ये, निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी राज्याची जिल्हाबंदी केली होती. त्यापूर्वी महसूल वसुली मक्तेदारांच्या हाती असे. जिल्हाबंदीनंतर तालुकदार, तहसीलदार आणि मुन्सफ अशी सरकारी अंमलदारांची साखळी खेड्यापर्यंत पोचू लागली. अंमलदार आले तशा कचेऱ्या आल्या आणि अदालतीही आल्या. अदालतीत उभे राहण्यासाठी कायदा जाणणारा माणूस लागू लागला. केशवरावांच्या पिढीतल्या हुशार मराठी मुलांसमोर वकिलीची वाट उघडली ती अशी.

हे राज्य लहान नव्हते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस मैल होते आणि १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी ११ लाखांच्या घरात मोजली गेली. त्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोक तेलुगू बोलत, २६ टक्के मराठी, १४ टक्के कन्नड आणि १० टक्के उर्दू. लिहिता-वाचता येणारे मात्र सगळे मिळून जेमतेम ३ टक्के होते. राज्यकारभाराची भाषा १८८४ पर्यंत फारसी होती. त्या वर्षी तिची जागा उर्दूने घेतली. मराठवाड्यातल्या कुणब्याच्या जमिनीचा कागद, कुलकर्ण्याच्या वतनाचा तंटा, सावकाराच्या खताचा दावा, सगळे शेवटी त्याला न येणाऱ्या भाषेत चालत असे. फिर्याद मराठीत सांगायची आणि निकाल उर्दूत ऐकायचा, हा रोजचा अनुभव होता. त्यामुळे वकील हा या लोकांच्या दृष्टीने केवळ कायद्याचा जाणकार नव्हता. दरबारी भाषा येणारा, कागद वाचून दाखवणारा आणि अंमलदारासमोर न दबता बोलणारा आपल्यातला एकमेव माणूस तोच होता.

वकिलीला आणखी एका कारणाने महत्त्व आले. निजामी राज्यात शिकलेल्या माणसाला पोट भरण्याचे बाकीचे मार्ग बहुतेक सरकारी नोकरीतून किंवा जहागीरदाराच्या चाकरीतून जात. नोकरीत तोंड बंद ठेवावे लागे. वकिलाची सनदही सरकारच देत असे, ती काढूनही घेता येत असे. पण त्याची कमाई पक्षकारांकडून येई. एवढ्या मोकळीकीवर या राज्यातले सार्वजनिक जीवन उभे राहिले, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच शतकात अन्यत्र वकिलाला राजकारणाचा दरवाजा थेट उघडा होता. अमेरिकेत अब्राहम लिंकन १८३४ ते १८४२ या काळात इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात निवडून येत राहिले आणि त्याच काळात वकीलही झाले. गावोगावच्या न्यायालयांतून फिरणारा वकील राज्याचा पुढारी होणे तिथे नेहमीचे होते. मुंबई इलाख्यात न्यायमूर्ती तेलंग, फिरोजशहा मेहता हे कायद्याच्या क्षेत्रातूनच कौन्सिलपर्यंत गेले. हैदराबादेत १८९३ मध्ये कायदे कौन्सिल स्थापन झाले खरे, आणि त्यात वकिलांच्या प्रतिनिधींना एक-दोन जागाही ठेवल्या होत्या. पण बहुमत अंमलदारांचे, शेवटचा शब्द निजामाचा, आणि सामान्य रयतेला मत नाही. मतपेटीच नसलेल्या राज्यात पुढारी व्हायचे तर कसे, या प्रश्नाला केशवरावांनी आयुष्यभर एकच उत्तर दिले: संस्था काढायच्या, त्या चालवायच्या आणि त्यांतून माणसे तयार करायची.

पुरजळहून शिक्षणासाठी ते गुलबर्ग्याला गेले. आज हे अंतर फार वाटत नाही. पण तेव्हा परभणी जिल्ह्यात आगगाडी नव्हती. सिकंदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबादवरून मनमाडला जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. गुलबर्गा मात्र मुंबई-रायचूर मार्गावर असल्याने १८७० च्या दशकातच रेल्वेने सोलापूर-पुण्याला जोडले गेले होते. गाडीबरोबर पुण्याची वर्तमानपत्रे येत, माणसे येत, वाद येत. १८८१ मध्ये निघालेला ‘केसरी’ परभणीच्या खेड्यात पोचायला जेवढे दिवस लागत, त्याच्या मानाने गुलबर्ग्याला तो ताजा मिळे. केशवरावांच्या मनाची घडण समजायची तर ही भौगोलिक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. त्यांची मातृभाषा मराठी, अदालतीची भाषा उर्दू, गावात चारी बाजूंना कन्नड आणि विचारांचा ओघ पुण्याकडून, अशा ठिकाणी त्यांची तरुण वर्षे गेली. वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी व्यवसाय सुरू केला तोही गुलबर्ग्यातच. पुढे १८९६ च्या सुमारास ते हैदराबादला आले आणि तिथल्या वरिष्ठ न्यायालयात वकिली करू लागले. तिथे त्यांचा जम लवकर बसला आणि नाव झाले.

त्या वेळचे हैदराबाद शहर दोन अंमलांखाली विभागलेले होते. मुसी नदीच्या दक्षिणेला चारमिनारभोवतीचे जुने शहर निजामाचे. नदीच्या उत्तरेला ब्रिटिश रेसिडेंटची कोठी आणि तिच्याभोवतीचा रेसिडेन्सी बाजार. या भागावर रेसिडेंटचा अधिकार चाले. सुलतान बाजार याच भागात येतो. हा भाग १९३३ मध्ये निजामाकडे परत गेला. तोवर निजामाच्या पोलिसांचा हात तिथे सहजी पोचत नसे. शहरातल्या बहुतेक नव्या संस्था या पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास निघाल्या, हा योगायोग नाही. आर्य समाजाची हैदराबाद शाखा १८९२ मध्ये इथेच निघाली आणि तेलुगू भाषकांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषानिलयम १९०१ मध्ये इथेच सुरू झाले. सार्वजनिक गणेशोत्सवही १८९५ मध्ये हैदराबादेत आला.

राजकीय हालचालीचा एक कडवा अनुभव शहराने आधीच घेतला होता. १८८३ मध्ये चांदा रेल्वेच्या करारावरून लोकांनी चौकशीची मागणी केली, सभा घेतल्या. निजाम कॉलेजशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील, या चळवळीत पुढे होते. सरकारने त्यांना थेट राज्याबाहेर काढले. पुढे ते परत आले, पण धडा सगळ्यांना मिळाला होता: या राज्यात सरकारच्या पैशाचा हिशेब विचारणे म्हणजे हद्दपारी ओढवून घेणे. केशवराव हैदराबादेत आले तेव्हा अघोरनाथ, मुल्ला अब्दुल कय्यूम यांच्यासारखी मंडळी शहरात होती. काँग्रेसबद्दल आस्था बाळगणाऱ्या या वर्तुळात हिंदू होते तसेच मुसलमानही होते. निजामी राज्यातल्या जागृतीची गोष्ट सुरुवातीपासूनच दोन धर्मांच्या भांडणाची होती असे मानणाऱ्यांनी या वर्षांकडे पुन्हा पाहायला हवे.

आर्य समाजात केशवराव लवकरच अग्रभागी आले आणि सुलतान बाजार शाखेचे अध्यक्षपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. जातिभेद न मानणे, स्त्रियांना शिकवणे, विधवाविवाहाला मान्यता देणे, हा त्या समाजाचा कार्यक्रम त्यांना पटलेला होता. पुण्याच्या पुढाऱ्यांशीही त्यांचे नाते होते. लोकमान्य टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले एकमेकांचे राजकीय विरोधक. केशवरावांचे संबंध दोघांशीही चांगले राहिले. यात कुणाला दुटप्पीपणा दिसेल. पण ब्रिटिश मुलखातला जहाल-मवाळ वाद हैदराबादेत तसाच्या तसा लागू होत नव्हता. जिथे सभाच घेता येत नाही, तिथे सभेत काय मागायचे यावरून फळ्या कशाला पडतील? टिळकांचा स्वाभिमान आणि गोखल्यांची संस्था उभारण्याची चिकाटी, दोन्ही त्यांनी घेतल्या. टिळकांचा निजामी मुलखाशी संबंध केवळ वर्तमानपत्रापुरता नव्हता, हेही इथे नोंदवावे लागेल: १८९१ पासून लातूरला त्यांचा कापसाचा जिनिंग कारखाना होता.

१९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट हैदराबादलाही पोचली. त्या काळात वेदाभ्यासक आणि चित्रकार श्रीपाद दामोदर सातवळेकर तिथे राहत होते. केशवराव, त्यांचे सहकारी वामनराव नाईक आणि सातवळेकर यांच्या वर्तुळातून १९०७ च्या सुमारास विवेकवर्धिनी ही शाळा उभी राहिली. केशवरावांच्या सगळ्या कामांत ही सर्वांत टिकाऊ ठरली. राज्यात सरकारी शाळा होत्या, पण वरच्या वर्गांत मातृभाषेला थारा नव्हता. शिकायचे तर उर्दूतून किंवा इंग्रजीतून. मराठी मुलाला आपल्या भाषेत शिकण्याची सोय खाजगी शाळेनेच करायची होती. त्याच वर्षी गुलबर्ग्यात विठ्ठलराव देऊळगावकर यांनी नूतन विद्यालय काढले. दोन्ही शाळा स्वदेशीच्या वाऱ्यात जन्मल्या. दोन्हींत पैसा लोकवर्गणीचा होता आणि वर्गणी देणाऱ्यांत वकील आघाडीवर होते. सातवळेकरांना मात्र हैदराबाद सोडावे लागले. त्यांच्या एका लेखावरून कोल्हापुरात राजद्रोहाचा खटला उभा राहिला आणि त्याचा ससेमिरा हरिद्वारपर्यंत त्यांच्या मागे गेला. केशवराव मागे राहिले. सनद टिकवून, सरकारला थेट अंगावर न घेता, शाळा चालवत राहिले. यात धाडस कमी होते असे वाटू शकते, पण शाळा टिकली ती यामुळेच.

१९०८ च्या सप्टेंबरअखेर मुसीला महापूर आला. नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या, हजारो माणसे मेली. निजामाने आपल्या वाड्याचे दरवाजे निराधारांसाठी उघडले. शहरातल्या स्वयंसेवी कामाला यानंतर वेगळी प्रतिष्ठा मिळाली. राजकारणाला बंदी होती, सेवेला नव्हती, आणि सेवेच्या नावाने माणसे एकत्र येऊ शकत होती. केशवराव आणि वामनराव नाईक यांचे नाव पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शहरातल्या जवळपास प्रत्येक सुधारणा कार्यात सापडते. दलितांच्या शिक्षणासाठी झटणारे भाग्यरेड्डी वर्मा यांच्या कामालाही या वर्तुळाचा पाठिंबा होता. १९११ मध्ये मीर महबूब अली खान वारले आणि मीर उस्मान अली खान गादीवर आले. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचा फर्मानाने जन्म झाला. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे हे विद्यापीठ ही मोठीच गोष्ट होती. पण ती देशी भाषा उर्दू होती. तेलुगू, मराठी आणि कन्नड मुलांच्या वाट्याला त्यातून परकेपणाचा आणखी एक टप्पा आला.

१९१९ मध्ये सर अली इमाम हे निजामाच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीत न्यायखाते कारभारापासून वेगळे करण्याचा निर्णय झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात ही मागणी काँग्रेस वर्षानुवर्षे करत होती आणि ती मान्य होत नव्हती, म्हणून हैदराबादच्या या निर्णयाचे तेव्हा कौतुक झाले. मुसीच्या काठी लाल-गुलाबी दगडात न्यायालयाची नवी भव्य इमारत याच सुमारास उभी राहिली. या नव्या व्यवस्थेत केशवरावांची नेमणूक वरिष्ठ न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदावर झाली. पुरजळसारख्या खेड्यात जन्मलेल्या मराठी माणसाने राज्याच्या सर्वोच्च न्यायासनावर बसणे ही मराठवाड्याच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट होती आणि लोकांनी ती तशीच मानली. त्यांच्या नावामागे ‘न्यायमूर्ती’ कायमचे लागले. पण या पदाची किंमतही होती. वकील असताना जी मोकळीक होती, ती न्यायाधीशाला नव्हती.

ही मोकळीक आटली ती नेमक्या वाईट वेळी. खिलाफत आणि असहकाराच्या चळवळीने हादरलेल्या निजाम सरकारने १९२१ मध्ये सार्वजनिक सभांवर निर्बंध घातले. या निर्बंधांनी पूर्वपरवानगीशिवाय सभा घेणे अशक्य केले. सामाजिक परिषदांना अजून थोडी जागा होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्य सामाजिक परिषद भरली. अध्यक्षस्थानी पुण्याहून आलेले महर्षी धोंडो केशव कर्वे होते. भाषणे इंग्रजी, उर्दू आणि मराठीत होत होती. अल्लमपल्ली वेंकटरामराव हे वकील ठरावावर तेलुगूतून बोलायला उभे राहिले, तेव्हा सभागृहातल्या मराठी श्रोत्यांनी हुर्यो उडवली आणि त्यांना बोलणे अवघड केले.

या प्रसंगावरून सहज पुढे जाता येणार नाही. राज्यातले जवळपास निम्मे लोक ज्या भाषेत बोलतात, ती भाषा सुधारकांच्या व्यासपीठावर ऐकून घ्यायलाही लोक तयार नव्हते. उर्दूच्या वर्चस्वाबद्दल तक्रार करणाऱ्या मराठी मंडळींनी शेजाऱ्याच्या भाषेला तीच वागणूक दिली. दुखावलेले तेलुगू तरुण लगेचच एकत्र जमले आणि आंध्र जन संघाची स्थापना झाली. माडपाटी हनुमंतराव या संघटनेचे पुढे सर्वांत मोठे नेते झाले. तिच्यातूनच १९३० मध्ये आंध्र महासभा उभी राहिली आणि तेलंगणातले राजकारण आपल्या स्वतंत्र मार्गाने गेले. हैदराबादेतल्या सुधारणेच्या कामात मराठी वकील, मराठी शाळा आणि पुण्याचे पाहुणे यांचा भरणा होता. केशवरावांच्या पिढीने उभारलेल्या या व्यासपीठाची ताकद मराठी होती आणि मर्यादाही तीच होती.

१९२३ पासून राजकीय चर्चा राज्याबाहेर गेली. त्या वर्षी काकीनाड्याच्या काँग्रेस अधिवेशनाला जोडून हैदराबाद राजकीय परिषद भरली. पुढच्या परिषदा १९२६ मध्ये मुंबईत, १९२८ मध्ये पुण्यात न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखाली आणि १९३१ मध्ये अकोल्यात झाल्या. आपल्याच राज्याच्या प्रश्नांवर बोलण्यासाठी हद्द ओलांडून दुसऱ्याच्या मुलखात जावे लागत होते, यावरून त्या दशकाची घुसमट लक्षात येते. १९२४ च्या सुमारास खाजगी शाळांसाठीही कडक नियम आले. परवानगीशिवाय शाळा चालवता येईना आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी गावठी शाळा बंद पडल्या. विवेकवर्धिनी हैदराबादेत पाय रोवून असल्यामुळे तगली. मराठवाड्यातून शिकायला येणाऱ्या मुलांना तिचा आधार वाटत राहिला.

केशवराव १९३२ मध्ये वारले. मराठवाड्यात राजकीय चळवळ उघडपणे सुरू व्हायला अजून पाच वर्षे होती. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. गोविंदराव नानल अध्यक्ष होते. परिषदेतले पुढारी कोण होते हे पाहिले की केशवरावांच्या कामाचा माग लागतो: वकील, शिक्षक आणि खाजगी मराठी शाळांतून शिकलेले तरुण. परभणीत मुकुंदराव पेडगावकर, हैदराबादेत काशीनाथराव वैद्य आणि दिगंबरराव बिंदू, तेलुगू भागात बुर्गुल रामकृष्णराव हे सगळे वकीलच. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केला तेव्हा यांच्यातले अनेक जण पुढे होते. केशवरावांनी जिथे सरकारशी सामना टाळला होता, तिथे या पिढीने तुरुंग पत्करला. तरी लढायला शाळा, वाचनालये आणि ओळखीची माणसे तयार मिळाली ती आधीच्या पिढीमुळे.

त्यांचे पुत्र विनायकराव यांचा प्रवास या बदलाचे चांगले उदाहरण आहे. वडिलांनी त्यांना सरकारी शाळेत न घालता हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलात पाठवले. तिथली विद्यालंकार पदवी घेऊन ते विलायतेला गेले, बॅरिस्टर झाले आणि हैदराबादेत वकिली करू लागले. १९३९ च्या आर्य समाज सत्याग्रहात ते एक सर्वाधिकारी होते. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा जुलूम वाढला तेव्हा न्यायालयांवर बहिष्कार घालणाऱ्या वकिलांमध्येही ते अग्रभागी राहिले. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा आल्यानंतर राज्य भारतात विलीन झाले. पुढच्या मंत्रिमंडळांत विनायकरावांनी अर्थखाते सांभाळले आणि १९५७ मध्ये हैदराबादेतून लोकसभेवर निवडून गेले. वडिलांना ज्या शहरात मतदार मिळाले नाहीत, त्याच शहरात मुलाला ते मिळाले.

१९४० मध्ये हैदराबादेत केशवरावांच्या नावाने केशव मेमोरियल शाळा सुरू झाली. तिच्याभोवती पुढे मोठी शिक्षण संस्था वाढली. विवेकवर्धिनीच्याही शाळा-महाविद्यालये शहराच्या मध्यभागी चालू राहिली. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत मात्र मराठवाडा मुंबई राज्यात गेला, गुलबर्गा म्हैसूर राज्यात आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात. केशवराव जिथे जन्मले, जिथे शिकले आणि जिथे त्यांनी काम केले ते तिन्ही मुलूख तीन राज्यांत पडले. त्यांच्या संस्थांना मराठी समाजाचा पुरवठा घटला आणि मराठवाड्याच्या इतिहासात त्यांचे नाव बहुधा मुक्तिसंग्रामाच्या प्रस्तावनेपुरते उरले. हैदराबादेतल्या त्यांच्या शाळांतून आज तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मराठी घरांतली मुले शिकतात.